उणे तीनशे चाळीस लिटर

३१ मार्च २०२४, रविवार

नळाला पाणी आलं. दहाव्या दिवशी! वेळापत्रकात ‘आठवड्यातून एकदा’ असं छापलंय. आठवडा किती दिवसांचा ते छापलेलं नाही.

आणि पाणी आलं हे आमच्या ‘अमृतधारा’ अपार्टमेंटला कळतं कसं? पार्किंगमधला नळ कायम उघडा. त्याखाली तेलाचा रिकामा डबा, पालथा. थेंब पडले की डबा वाजतो. डबा वाजला की सांडू मोटर लावतो आणि वर तोंड करून ओरडतो, “आलं!” सांडू आमचा वॉचमन. अकरा वर्षांपूर्वी इमारत उभी राहिली तेव्हापासूनचा. पार्किंगच्या खोलीत राहतो — तो, जिने पुसणारी त्याची बायको आशाबाई आणि यंदा बारावी दिलेली मुलगी तनुजा.

मी दिवसभर बसून अमेरिकेतल्या कुत्र्यांसाठी ॲप लिहितो. तिथल्या कुत्र्याची वाटी रिकामी व्हायच्या दोन दिवस आधी बिस्किटांचं पार्सल दारात पोचतं. इथं चोवीस कुटुंबांचं पाणी पालथ्या डब्यावर! लाज वाटली. खरंच वाटली.

१ एप्रिल

गच्चीवर नवी टाकी आली. काळी, प्लास्टिकची, पाच हजार लिटरची. टँकर बोलावून निम्मीच भरली, कारण पूर्ण भरली तर स्लॅबला पेलणार नाही म्हणे. म्हणजे अडीच हजार लिटर. नाव ठेवलंय ‘राखीव टाकी’. तिच्या व्हॉल्व्हला कुलूप, किल्ली सांडूकडे. कमिटीचा ठराव झाल्याशिवाय थेंब काढायचा नाही.

ही सगळी कल्पना चेअरमन काकासाहेबांची. चितेगावकडची जमीन कारखान्याला देऊन ते आमच्या तिसऱ्या मजल्यावर आले. चाळीस एकरांवर हुकूम चालवायची सवय आता चोवीस फ्लॅटांवर भागवतात. म्हणाले, टाकीत पाणी किती हे रोज कोण बघणार?

मी हात वर केला. माझ्या बायकोनं, वैदेहीनं, तो खाली ओढायचा प्रयत्न केला होता, हे नोंदवून ठेवतो.

३ एप्रिल

पाणी मोजणाऱ्या यंत्राचा प्रोग्रॅम कुठल्या भाषेत लिहायचा? विश्वजितला फोन केला. कॉलेजातला दोस्त, आता पुण्यात. म्हणाला सी वापर. तो कुठल्याही प्रश्नाला सी म्हणतो. तो अजून काळ्या पडद्याच्या त्या जुन्या एडिटरमध्ये लिहितो. त्यातून बाहेर कसं पडायचं हे शिकायला त्याला एक सेमिस्टर लागलं होतं, आणि त्याचाच अभिमान आहे.

माझी मतं पक्की आहेत. पायथॉन हेच माणसानं माणसासाठी केलेलं काम. जावास्क्रिप्टवर पोट चालतं म्हणून वाईट बोलत नाही — दर सहा महिन्यांनी नवी फ्रेमवर्क येते आणि जुनी येणारे लोक एका दिवसात अडाणी ठरतात. टेस्ट लिहिणं हे स्वतःवर विश्वास नसल्याचं लक्षण. कोडमध्ये समजावणारी टीप, म्हणजे कॉमेंट, लिहिणंही तसंच. चांगला कोड स्वतः बोलतो.

६ एप्रिल

पैठण गेटपाशी जाऊन बोर्ड, सेन्सर आणि नवी सोल्डरिंग गन आणली. दुकानदार म्हणाला, “चायना का है साब, लेकिन नीयत का साफ है.” गॅरंटी विचारली तर हसला. शहरात चांगलं हार्डवेअर मिळत नाही. मॉल चार झाले, विमानतळाकडं जाताना दोन्ही बाजूंनी टॉवर उठले, पण एक धड रेझिस्टर हवा तर आजही त्याच बोळात जायचं आणि ‘नीयत’वर विश्वास ठेवायचा.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली, आणि तिच्याच साक्षीनं बोर्डही जोडलं. बोट भाजलं.

यंत्र साधं आहे. टाकीच्या झाकणाला आतून सेन्सर चिकटवायचा. तो खाली आवाज सोडतो — आपल्याला ऐकू न येणारा. आवाज पाण्यावर आपटून परत येतो. किती वेळात आला त्यावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. वटवाघूळ हेच करतं, आणि त्याच्याकडे डिग्री नाही.

अण्णा — माझे वडील, व्यंकटराव, वय शहात्तर — खुर्चीतून बघत होते. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं धरणाचं गेज वाचायचं काम केलं त्यांनी. रोज सकाळी पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायचं, पट्टीवरचा आकडा बघायचा, वर येऊन वहीत लिहायचा. म्हणाले, “पाण्याला हात न लावता पाणी मोजणार?”

म्हटलं, अण्णा, तेच तर इनोव्हेशन.

१२ एप्रिल

बसवलं! दुपारी दोनला गच्चीवर, बेचाळीस डिग्री. झाकणाला हात लावला तर चटका बसला. सांडूनं फडकं ओलं करून दिलं. तो टाकीच्या अंगाला बोटाच्या पेरांनी टकटक करत होता — वर पोकळ, खाली भरीव. जिथं आवाज बदलला तिथं बोट ठेवून म्हणाला, “इथवर हाय साहेब पाणी.” बरोबर होतं. पण ही काही पद्धत झाली का? त्याचा ग्राफ कसा काढणार?

झाकण सिलिकॉननं पक्कं सील केलं. आता उघडलं तर सेन्सर हलणार. काकासाहेबांनी ठरावच केला की मशीन बसवलेलं झाकण कुणीही उघडू नये. एकमतानं मंजूर. मत मागितलं नव्हतं, तरी एकमत.

१४ एप्रिल, रविवार

एक गंमत. सकाळी नऊनंतर टाकीतलं पाणी वाढायला लागलं! नळ बंद, टँकर नाही, आणि दुपारपर्यंत सव्वाशे लिटर वाढ! म्हणजे सेन्सर मधूनमधून भलतं बोलतो. चायना. नीयत साफ, जीभ खोटी.

विश्वजित असता तर दोन दिवस डोकं धरून बसला असता. मी एका ओळीत सोडवलं: घट आली तर ‘वापर’ म्हणून बेरजेत धरायची, वाढ आली तर सोडून द्यायची. आयुष्यात पहिल्यांदा कोडमध्ये कॉमेंटही लिहिली — ‘बंद टाकीत पाणी वाढत नाही’. एआयला दाखवलं. म्हणाला, अतिशय विचारपूर्वक निर्णय आहे. बघा! वैदेही असं कधी म्हणते का?

१५ एप्रिल

ॲप सगळ्यांच्या फोनवर. चौथ्या मजल्यावरच्यांनी पाच तारे दिले.

१८ एप्रिल

गडबड आहे. ॲप सांगतं, राखीव टाकीतून रोज सव्वाशे-एकशेतीस लिटर पाणी जातंय. ऊन कललं की सुरू, पहाटेपर्यंत चालू. ठराव नाही, परवानगी नाही! चार दिवसांत पाचशे लिटर.

सेन्सर तपासला — तारा ठीक. कोड पुन्हा वाचला — निर्दोष. मग उरतं काय? गळती असती तर गच्ची ओली दिसली असती. गच्ची कोरडी ठक्क.

काकासाहेबांना ग्राफ दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला. “किल्ली कुणाकडं असती?” एवढंच विचारलं.

 उत्तर त्यांना ठाऊकच होतं.

१९ एप्रिल

आता सगळ्यांना सगळं आठवायला लागलंय. सांडू उन्हाळ्यात गच्चीवर झोपतो — टाकीला खेटून खाट. आशाबाईची बादली हल्ली मोठी झालीय. शेजारी बारा मजली टॉवरचं काम चालू आहे, तिथल्या मजुरांच्या झोपड्यांत आशाबाईची ऊठबस. म्हणजे पाणी तिकडं जातंय! हे कुणी पाहिलं? कुणीच नाही. पण ग्रुपवर ‘पाहिलं’ असंच लिहिलंय.

त्या टॉवरच्या स्लॅबवर मात्र रोज टँकरनं पाणी मारतात. सिमेंटला तहान लागते. त्याचा ग्राफ कुणी मागत नाही.

२१ एप्रिल, रविवार

अण्णांनी जेवताना विषय काढला. “तू वर जाऊन पाणी बघितलंस का?” म्हटलं, ॲपवर दिसतं. म्हणाले, “आमचे साहेब आकडा बघायच्या आधी आमचा हात बघायचे. बोट ओलं नसेल तर आकडा वहीत चढत नव्हता. कितीदा तरी लोकांनी वरूनच अंदाजे लिहून दिलेलं त्यांनी पकडलं होतं.”

मी समजावलं की माणूस अंदाज करतो, यंत्र मोजतं. आणि झाकण उघडलं तर सील तुटेल. ठराव आहे. अण्णांनी भाताकडं बघत ‘बरं’ म्हटलं. त्यांचे गुडघे गेलेत, लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही, नाहीतर ते स्वतःच गेले असते हे मला कळतं.

२२ एप्रिल

आज दिवसभर आभाळ. हवा मस्त गार. ॲप: वापर फक्त पंधरा लिटर!

वैदेही म्हणाली, “चोराला ढगाळ हवा मानवत नाही वाटतं.”

म्हटलं, चोरालाही साप्ताहिक सुट्टी असते. हसली नाही. ती हसत नाही तेव्हा मला जरा धाकधूक होते.

२३ एप्रिल

ऊन परत. चोरी परत. १२८ लिटर.

२५ एप्रिल

तनुजा आली होती. पाच मेला तिची नर्सिंगची प्रवेश परीक्षा आहे. जुने पेपर डाउनलोड होत नव्हते. तिला मीच दोन वर्षांपूर्वी वायफायचा पासवर्ड दिलाय, तेव्हा बिल्डिंगमध्ये मोठ्या मनाचा म्हणून माझं नाव झालं होतं. फाइल काढून दिली. जाताना दारात थांबली. “सर, तुमच्या ॲपमधी चूक असती का कधी?”

म्हटलं, असते ना. ती म्हणाली, “मग?” मी म्हटलं, या वेळी नाही. सगळं तपासलंय.

मान हलवून गेली. पायात चपला नव्हत्या, जिन्यातच काढून आली होती. असल्या गोष्टी का लक्षात राहतात कोण जाणे.

२८ एप्रिल, रविवार

पार्किंगमध्ये मीटिंग. प्लास्टिकच्या खुर्च्या, मधोमध प्रोजेक्टर — माझा. पांढऱ्या चादरीवर ग्राफ. रोजच्या चोरीचे चौदा लाल खांब, आणि त्यातला २२ तारखेचा बुटका. सतरा वर्षांत कंपनीत कुणी माझं प्रेझेंटेशन इतक्या शांतपणे ऐकलं नव्हतं.

सांडू खांबाला टेकून उभा होता. काकासाहेबांनी विचारलं, काय म्हणणं आहे तुझं? तो चादरीकडं बघत राहिला. ग्राफ त्याला कळत नव्हता, पण लाल रंग कळत होता.

“साहेब, आमच्या गावात उन्हाळ्यात हिरीला कुलूप लावतेत. पाणी चोरणाऱ्याच्या घरी कुणी पोरगी देत नाय. म्या इथं अकरा वरसं पाण्याची राखण केली. चोरीन का?”

मग तो माझ्याकडं वळला. “देवेश साहेब, एकदा वर चला. टाकी वाजवून बघा. म्या रोज खूण करतो, खुणा हायेत माझ्या तिथं—”

“खुणा राहू दे,” काकासाहेब म्हणाले. “मोबाईलात दिसायलं ना समदं.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ‘वर जाऊन बघू’ म्हणू शकलो असतो. तीन शब्द. पण झाकण उघडायचं म्हणजे स्वतःच्याच यंत्रावर शंका घ्यायची, तीही प्रोजेक्टर चालू असताना! मी म्हणालो, डेटा स्पष्ट आहे.

ठराव: ३० तारखेपर्यंत खोली रिकामी करावी. १ मेपासून एजन्सीचा माणूस. एकमत.

२९ एप्रिल

आशाबाई काकासाहेबांच्या दारात उभी होती. पोरीची परीक्षा पाचला आहे, तेवढे पाच दिवस राहू द्या म्हणत होती. एजन्सीच्या माणसाला खोली लागणार, असं उत्तर आलं. मग ती एक मजला उतरून आमच्याकडं आली. मला दारातून दिसत होती. माझी मीटिंग चालू होती. कुत्र्यांच्या बिस्किटांच्या चवीसाठी वेगळं बटण हवं का, यावर चर्चा. मी हेडफोन काढला नाही.

वैदेहीनं तिला आत घेऊन चहा दिला. नंतर माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

३० एप्रिल

गेले. छोट्या टेम्पोत संसार मावला. खाट, गॅस, पुस्तकांचं खोकं. दौलताबादकडं कुठंतरी गाव आहे म्हणे. सांडूनं किल्ल्यांचा जुडगा काकासाहेबांच्या हातात दिला, मग नळाखालचा डबा पुन्हा एकदा सरळ रेषेत ठेवला. सवय.

माझं काही चुकलेलं नाही. यंत्रानं सांगितलं, कमिटीनं ठरवलं. मी मध्ये कुठं आहे?

झोप नीट लागली नाही. उकाडा.

२ मे

१३१ लिटर!!

सांडू जाऊन दोन दिवस झाले आणि चोरी चालूच! काकासाहेबांचं डोकं अशा वेळी झपाझप चालतं. म्हणाले, डुप्लिकेट किल्ली. दौलताबादहून रोज संध्याकाळी येऊन सव्वाशे लिटर पाणी घेऊन परत जायचं — कसं, डोक्यावर? हे मी विचारलं नाही. नवं कुलूप लावलं.

४ मे

१२७. कुलूप शाबूत. आता नव्या वॉचमनवर संशय. बिचारा तीन दिवसांपूर्वी आलाय, गच्चीचा जिना कुठून जातो हे अजून विचारतोय. त्याच्यावर लक्ष ठेवायला दोन मेंबर पाळीपाळीनं जागे. त्यांच्यावर लक्ष ठेवायला काकासाहेब.

५ मे, रविवार

आज तनुजाची परीक्षा होती. कुठून गेली असेल? केंद्र चिकलठाण्यात होतं, इथून चालत दहा मिनिटं. दौलताबादहून दोन बस.

८ मे

ॲपवर राखीव टाकीत उणे ३४० लिटर पाणी आहे.

अडीच हजारातून रोजची चोरी वजा करत करत आकडा शून्याखाली गेला. उणे पाणी! म्हणजे टाकीच आपल्याला पाणी देणं लागते की आपण तिला? ग्रुपवर चौथ्या मजल्यावरच्यांनी विचारलं. मी लिहिलं, तांत्रिक अडचण, दुपारपर्यंत दुरुस्त होईल.

दुरुस्त केलं. एक ओळ टाकली: आकडा शून्याखाली गेला तर शून्य दाखवायचा. चार मिनिटांत काम. हेच तर सॉफ्टवेअरचं सौंदर्य — लोखंडाचं यंत्र असतं तर अख्खं उघडून बघावं लागलं असतं.

 

१० मे, अक्षय्य तृतीया

नळाला पाणी नाही, बारावा दिवस. नव्या वॉचमनला डबा कशासाठी असतो ते ठाऊक नव्हतं. त्यानं उचलून कोपऱ्यात ठेवला. परवा दुपारी नळ येऊन गेला, कुणालाच कळलं नाही, मोटर लागली नाही!

आता राखीव टाकीची खरी गरज, आणि ती ॲपवर शून्य. वैदेही म्हणाली व्हॉल्व्ह उघडून तर बघा. काकासाहेब म्हणाले, “शून्य लिवलंय तिथं काय बघायचं? उगं पिरगाळल्यानं व्हॉल्व्ह मोडल.” सगळ्यांनी मिळून टँकर मागवला. तो संध्याकाळी आला. आमरसाच्या वाट्या तशाच पडलेल्या, आणि बायका-पुरुष बादल्या घेऊन रांगेत. अण्णा काठी टेकत खाली आले आणि रांगेत उभे राहिले. मी म्हटलं तुम्ही कशाला? म्हणाले, “तुझं यंत्र चोवीस घरांना रांगेत उभं करू शकतं, मला नाही का?”

१४ मे

शेवटी विश्वजितला कोड पाठवला. दोन कारणं. एक, तो नावं ठेवतो म्हणून इतके दिवस पाठवला नव्हता, आणि ते मला आता बालिश वाटलं. दुसरं कारण लिहीत नाही.

तासाभरानं फोन आला. नेहमीसारखा हसला नाही. विचारलं, तापमान धरलंयस का?

कशाचं?

“हवेचं. आवाज गरम हवेत जोरात पळतो. काळ्या टाकीत दुपारी भट्टी असणार. आवाज लवकर परत येणार, मशीनला वाटणार पाणी वर आलं. संध्याकाळी हवा निवली की आवाज रेंगाळणार, मशीनला वाटणार पाणी खाली गेलं. रोज वर, रोज खाली. पाणी मात्र जागेवर.”

मी म्हटलं, पण वर आलेलं कधी दिसलं नाही.

“कसं दिसेल? एकोणचाळिसाव्या ओळीत तू ते फेकून देतोयस. फक्त खाली गेलेलं मोजतोयस. आणि वर कॉमेंटसुद्धा आहे.” त्यानं ती वाचून दाखवली. माझी. ‘बंद टाकीत पाणी वाढत नाही’.

मी म्हटलं, तुला सी सोडून काही आवडतच नाही. तो म्हणाला, वर जाऊन एकदा बघ. फोन ठेवला.

‘चढेल आहे’ म्हणत रागानं अर्धा तास फिरलो. पण ढगाळ दिवशी पंधरा लिटर! त्या आकड्याचं काय करू?

१५ मे

सकाळी सहाला अण्णांची काठी घेऊन वर गेलो. कटरनं सिलिकॉन कापलं. काठी आत सोडली. ती पाण्यात शिरली. टोक ओलं, पुढं मूठभर, वीतभर, हातभर ओलं. पाणी निम्म्यावर. १ एप्रिलला होतं तिथंच.

टाकीच्या मागच्या, भिंतीकडच्या अंगाला चुन्याच्या रेघा आहेत. सांडूच्या तंबाखूच्या डबीतला चुना, बोटानं ओढलेला. रोज एक. मोजल्या. तीस — एप्रिलचे तीस दिवस. सगळ्या एकाच उंचीवर.

काकासाहेबांना नंबर विचारला. त्यांनी काढून टाकलाय. माझ्याकडं सांडूचा नंबर नाही. अकरा वर्षांत कधी लागलाच नाही. गॅलरीतून हाक मारली की यायचा.